गृहचर्चा : मोबाइलवरील दुकान आणि दोघां भावांचा वाद

नागपूरच्या एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आम्हांस आलें. घर एकत्र; जावाजावा मिळून पापड, कुरडया, मेतकूट व मसाले करून विकतात. गिऱ्हाईक वाढलें, तेव्हां मागणी नोंदविण्यासाठीं स्वतःचें ॲप असावें असें ठरलें. घरांतील दोन मुलें संगणक शिकलेलीं. थोरला म्हणतो, रिॲक्ट नेटिव्ह घ्यावें. धाकटा चुलत भाऊ म्हणतो, साधीं वेब-पानें लिहून तीं कपॅसिटरमध्यें बसवावीं. वाद इतका वाढला, कीं दोघे एका पंगतीस बसेनासे झाले. पैसा खर्चावयाचा तो मात्र जावांनीं पांच वर्षें गांठीस बांधलेला. "कोणाचें ऐकावें?" असें भगिनी विचारतात.

जावास्क्रिप्ट ही १९९५ सालीं ब्राउझरमधील पानांत थोडी हालचाल आणावी म्हणून निघालेली भाषा. पुढें फोन आले. त्यांत आयफोनची भाषा निराळी, अँड्रॉइडची निराळी. एकदां लिहिलेलें दोन्हीकडे चालावें, या लोभानें हीं फ्रेमवर्कें जन्मास आलीं. लोभ म्हटला तरी तो वावगा नव्हे. एकाच चुलीवर दोन भाजणें कोणास नको असतें?

धाकट्याच्या रीतींत ॲप म्हणजे पत्त्याची पट्टी काढून टाकलेली ब्राउझरची खिडकीच होय. कॅमेरा किंवा फोनांतील दुसरें कांहीं वापरावयाचें झाल्यास प्लगिन नांवाचा दुभाषा मध्यें घालावा लागतो. फेसबुकनें २०१५ सालीं सर्वांस खुलें केलेलें रिॲक्ट नेटिव्ह निराळें आहे. तेथें जावास्क्रिप्ट आज्ञा करते. बटणें व याद्या असतात त्या फोनच्या स्वतःच्या. म्हणून लांबलचक यादी सरकवितांना बोट अडखळत नाहीं. पूर्वीं या आज्ञा चिठ्ठ्यांप्रमाणें एका पुलावरून जात, आणि चिठ्ठ्यांची गर्दी झाली कीं पडदा रेंगाळे. २०२४ सालच्या ०.७६ या आवृत्तीपासून नवी रचना मूळचीच धरण्यांत आली, व त्या पुलाची अडचण सरली. तेव्हां थोरल्याचें म्हणणें पोकळ नाहीं, हें आधींच सांगून टाकतों.

परंतु मोठमोठ्या घरांचेंहि या बाबतींत एकमत झालेलें नाहीं. एअरबीएनबीनें २०१६ पासून रिॲक्ट नेटिव्ह चालवून पाहिलें आणि २०१८ सालीं सोडलें. आयफोन व अँड्रॉइड जाणणारीं माणसें लागतच राहिलीं, त्यांत तिसऱ्या विद्येची भर पडली. शॉपिफायनें २०२० च्या आरंभीं तेंच जवळ केलें. दोघांजवळहि जाणते लोक होते. वस्तु तीच, संसार निराळे.

आमच्या मतें भगिनींनीं गुणांची तुलना क्षणभर बाजूस ठेवून, पुढें सांभाळणार कोण, हें विचारावें. ॲप हें भांडें नव्हे, कीं एकदां घेतलें आणि फडताळांत ठेवलें. १ ऑगस्ट २०१९ पासून गूगलनें आपल्या दुकानांत ६४-बिट रूप सक्तीचें केलें. रिॲक्ट नेटिव्हला अँड्रॉइडवर तें सामर्थ्य त्याच वर्षीं ०.५९ या आवृत्तींत आलें, म्हणून जुन्या आवृत्तीवर बसलेल्यांस उठावेंच लागलें. फ्रेमवर्कांचे पालकहि बदलतात. ॲडोबीनें २०२० सालीं फोनगॅपचें काम थांबविलें. टायटॅनियमचा ॲक्सवेनें दिलेला आधार २०२२ सालीं संपला.

आम्ही हें पोळलेल्या हातानें लिहीत आहोंत. आमच्या पुतण्यानें वाड्यांतील लहानशा वाचनालयासाठीं ॲप केलें होतें. कोणत्या फ्रेमवर्कांत, तें सांगत नाहीं. दोष त्याचा नव्हता. पुतण्या परदेशीं गेला, नवे नियम आले, आणि ती जुनी मोट पुन्हां बांधून देणारा घरांत कोणी उरला नाहीं. ॲप दुकानांतून निघालें. आतां पुस्तकांची नोंद पुन्हां वहींत होते, आणि ग्रंथपाल काका त्यांतच सुखी आहेत, ही गोष्ट वेगळी!

भगिनींच्या पत्राच्या शेवटीं एक ओळ सहज आली आहे : थोरला येत्या वर्षीं शिक्षणासाठीं जर्मनीस जाणार. आमच्या दृष्टीनें वादाचा निकाल त्या ओळींत आहे. मागें राहणार धाकटा, आणि त्यास वेब-पानें येतात. शेंदीडशें जिनसा, त्यांचीं चित्रें व मागणीचा एक तक्ता, एवढ्यास कपॅसिटर पुरे आहे. उद्यां हजारों जिनसांची यादी, नकाशावर फिरणारा डबेवाला असें कांहीं योजावयाचें असतें, तर आम्हीं थोरल्याकडे कौल दिला असता. तरीहि त्यानें रागावूं नये. जाण्यापूर्वीं पैशांचा व मागणीचा हिशेब ठेवणारा भाग त्यानेंच लिहून द्यावा. तो दोन्ही रीतींत चालतो.

खर्चाविषयीं थोडें. गूगलच्या दुकानांत नांव नोंदविण्यास एकदांच २५ डॉलर पडतात. ॲपलकडे दरवर्षीं ९९, शिवाय आयफोनचें ॲप बांधावयास मॅक संगणक, स्वतःचा नाहीं तर भाड्याचा, लागतो. गिऱ्हाइकांपैकीं आयफोनवाले किती, हें जावांनीं आधीं मोजावें.

आणि पैसा देण्यापूर्वीं दोघां भावांनीं मागणीचें एकेक पान आपापल्या रीतीनें करून आणावें. तें त्यांच्या नव्या कोऱ्या फोनांवर पाहूं नये. सासूबाईंच्या तडा गेलेल्या जुन्या अँड्रॉइडवर, स्वयंपाकघरांत, इंटरनेट अर्धवट येत असतां, त्यांच्याच हातानें दोन शेर मेतकुटाची मागणी नोंदवून पाहावी. काय घडलें तें भगिनींनीं आम्हांस अवश्य कळवावें.