वसईतील चर्चपुढे नवी कसोटी

केळीच्या बागा, पानवेली आणि बावखले ही वसईची जुनी ओळख. ती झपाट्याने पुसली जात असताना तेथील ख्रिस्ती समाजाच्या सेवाकार्यापुढील प्रश्नही बदलले आहेत.

१९१८ मध्ये बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँकेची मुहूर्तमेढ रोवली गेली, तेव्हा शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडविण्याची निकड होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांची बांधकामे आणि टँकरसाठी होणारा पाण्याचा बेसुमार उपसा यांविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ‘सुवार्ता’ मासिकाचे तत्कालीन संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो या लढ्याच्या अग्रभागी होते. अन्य धर्मीय गावकरीही त्यात उतरल्याने हा प्रश्न एका समाजापुरता राहिला नाही.

तथापि, लढ्याची मर्यादाही उघड आहे. शेती परवडेनाशी झाली, मुले नोकरीकडे वळली आणि बागायती जमिनी विकणाऱ्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. व्यासपीठावरून केलेले आवाहन घरातील हिशेबापुढे अनेकदा निष्प्रभ ठरले. २००९ मध्ये गावकऱ्यांचा विरोध असतानाही वसई-विरार महापालिका अस्तित्वात आली.

दिब्रिटो यांचे जुलै २०२४ मध्ये निधन झाले. आता पाण्याची ओढाताण नव्या वसाहतींतील रहिवाशांच्याही वाट्याला आली आहे. त्यांना उपरे न मानता या प्रश्नावर सोबत घेतले, तरच हरित वसईच्या मागणीमागे संख्याबळ उभे राहील. चर्चच्या सेवाकार्याची खरी कसोटी येथेच आहे.