काढलेल्या हृदयाला रस्ता मोकळा, छातीतल्या हृदयाला नाही



3 ऑगस्ट 2015 रोजी पुण्याहून एक हृदय मुंबईत मुलुंडला पोहोचले. पोलिसांनी वाहतूक थांबवली, ग्रीन कॉरिडॉर केला आणि मुंबईत तब्बल 47 वर्षांनी झालेले हृदय प्रत्यारोपण यशस्वी ठरले. त्या डॉक्टरांविषयी, पोलिसांविषयी आणि सर्वांत जास्त त्या दात्याच्या घरच्यांविषयी आम्हाला आदरच आहे. भांडण त्यांच्याशी नाही. आमचा सवाल राज्यकर्त्यांना आहे. काढलेल्या हृदयासाठी जो रस्ता मोकळा होतो, तो छातीत कोंडलेल्या हृदयासाठी का होत नाही?

तालुक्याच्या गावात रात्री दोन वाजता माणसाच्या छातीत कळ येते. घरचे म्हणतात, ॲसिडिटी असेल. सोडा पाजला जातो, छाती चोळली जाते. तास जातो. मग ग्रामीण रुग्णालय. तिथे ईसीजीचे मशीन असते, पण काढणारा सकाळी येतो. किंवा ईसीजी निघतो, पण वाचणारा नसतो. शेवटी ठरलेले वाक्य ऐकू येते, "इथे काही होणार नाही, पुढे न्या." पुढे म्हणजे जिल्ह्याला. तिथे कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली, नसेल तर आणखी पुढे. आणि खासगीत गेलात तर आधी डिपॉझिट. जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्येच सांगितले. काउंटरवर बसलेल्या माणसाला मात्र ते अजून कुणी कळवलेले दिसत नाही.

हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तिच्या पुढचा स्नायू मरायला लागतो. मेलेला स्नायू परत उगवत नाही. म्हणून दवाखान्याच्या दारात आल्यापासून 90 मिनिटांत अँजिओप्लास्टी, आणि ते शक्य नसेल तर अर्ध्या तासात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. स्टेंटच्या किमतीला केंद्राने 2017 मध्ये लगाम घातला, चांगलेच झाले. पण कॅथलॅबच 100 किलोमीटरवर असेल तर स्वस्त स्टेंट घेऊन करायचे काय? इंजेक्शनला कॅथलॅब लागत नाही. ईसीजी लागतो, तो मोबाईलवर पाहून सांगणारा तज्ज्ञ लागतो आणि टोचायची हिंमत असलेला डॉक्टर लागतो. शेजारच्या गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला केंद्रस्थानी ठेवून छोट्या सरकारी दवाखान्यांत हे इंजेक्शन मोफत देण्याची व्यवस्था उभी राहिली. गोवा लहान आहे, असे उत्तर आम्हाला मिळते. अहो, आपला एकेक जिल्हा गोव्याएवढाच धरा आणि करून दाखवा!

उशिरा पोहोचलेला प्रत्येक जण मरतो असे नाही. काही जण वाचतात आणि अर्धे हृदय घेऊन घरी येतात. मग पायांना सूज, दोन पायऱ्या चढल्या की धाप, रात्री उशांना टेकून झोप. त्यांतल्याच काहींना पुढे सांगितले जाते की आता प्रत्यारोपणच. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीतली सगळी नावे अशी आलेली नसतात. काहींचा स्नायू मुळातच आजारी असतो. पण जी नावे तालुक्याच्या रस्त्यावर हुकलेल्या इंजेक्शनामुळे आली, त्यांची जबाबदारी कुणाची?

प्रत्यारोपण म्हणजे मोटारीचा पार्ट बदलणे नव्हे. काढलेले हृदय साधारण चार तासांच्या आत नव्या शरीरात धडधडायला हवे. रक्तगट जुळावा लागतो, देहाचा आकारही जुळावा लागतो. रुग्ण वर्षानुवर्षे कमकुवत हृदयावर काढत राहिला तर फुफ्फुसांतला रक्तदाब इतका चढतो की नवे हृदय पहिल्याच दिवशी त्यापुढे हात टेकते. म्हणजे उशीर इथेही नडतोच. त्यानंतर जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे. ती कमी पडली तर शरीर हृदय नाकारते, जास्त झाली तर क्षयासारखा जंतुसंसर्ग गाठतो. नव्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असल्याने त्याच्या रक्तवाहिन्या पुन्हा तुंबल्या तरी अनेकदा छातीत दुखतही नाही. खर्च सहज 20 लाखांच्या वर जातो आणि औषधांचे बिल दर महिन्याला येतच राहते.

आणि हृदय आणायचे कुठून? देशात वर्षाला दोन-अडीचशेच हृदय प्रत्यारोपणे होतात, अपघातात मात्र दीड लाखाहून जास्त माणसे जातात. लोक अंधश्रद्धाळू आहेत, दान करत नाहीत, असे म्हणणे सोपे आहे. पण विचारले तर देतील ना! हृदय घ्यायचे ते मेंदू मृत झालेल्या दात्याचे; तो मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांचे पॅनेल लागते, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते आणि तोवर रक्तदाब सांभाळणारा अतिदक्षता विभाग लागतो. 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदा 2011 मध्ये सुधारला, तेव्हा अतिदक्षता विभागातल्या अशा रुग्णाच्या नातेवाइकांना अवयवदानाविषयी विचारणे बंधनकारक झाले. जिथे व्हेंटिलेटर कोपऱ्यात झाकून ठेवलेला असतो, तिथे विचारणार कोण? झटका आलेल्याला वाचवणारा आणि दात्याचे हृदय जिवंत ठेवणारा विभाग एकच आहे. जिल्ह्याला तो नसला की दोघेही जातात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये, केपटाऊनला झालेल्या जगातल्या पहिल्या हृदय प्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, हृदय बदलले होते. रुग्ण काही तासच जगला. त्याच केईएममध्ये पुढचे हृदय प्रत्यारोपण जुलै 2024 मध्ये झाले. मधली 56 वर्षे सार्वजनिक आरोग्याच्या खात्यावर लिहा.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास ईसीजी आणि गुठळीचे इंजेक्शन मोफत द्या. जिल्हा रुग्णालयात चालू स्थितीतला अतिदक्षता विभाग आणि मेंदूमृत्यू ठरवणारे पॅनेल असू द्या. प्रत्यारोपणानंतरच्या औषधांचा भार सरकारने उचलावा.

वाचकहो, येत्या ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत उभे राहून विचारा, काल रात्री आपल्या दवाखान्यात ईसीजी कोण काढणार होते आणि इंजेक्शनाच्या किती कुप्या शिल्लक आहेत. उत्तर लेखी मागा, आणि ते मिळेपर्यंत बसू नका.

— हृदयरुग्णांचे काही नातेवाईक
(पत्रक वाचून झाल्यावर शेजारी द्यावे.)