धूर बापाच्या बीजातही शिरतो

हवा बिघडली की दमा-खोकला बळावतो, हे आता सर्वांनाच पटले आहे. परंतु धुराचा उपद्रव छातीपुरता राहत नाही.

कॅनडातील हॅमिल्टन हे पोलाद कारखान्यांचे शहर. मॅकमास्टर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तेथे कारखाने व हमरस्ता यांच्याजवळ १० आठवडे उंदीर ठेवले. काही उंदीर ३० किलोमीटर दूर खेड्यात ठेवले. दोन्हीकडे काहींना बारीक कण गाळून काढलेली हवा दिली. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. कारखान्याजवळची न गाळलेली हवा घेणाऱ्यांच्या पिलांत डीएनएमधील बदल इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले, आणि ते मुख्यतः बापाकडून आलेले होते. तिथल्याच हवेतले कण गाळताच हे प्रमाण निम्म्यावर आले.

बापाकडूनच का? पुरुषबीज वयात आल्यापासून सतत तयार होत असते. पेशी पुनःपुन्हा विभागतात, प्रत्येक वेळी डीएनएची नक्कल होते आणि तीत चूक राहू शकते. अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसात खोलवर जातात. काजळीला चिकटलेली काही रसायने डीएनएला इजा करतात.

उंदरांत दिसले ते माणसात तसेच घडते, असे लगेच म्हणता येणार नाही. त्यामुळे घाबरू नये. पण थांबूनही राहू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरील हवेचे प्रदूषण व त्यातील कण कर्करोगकारक ठरवले आहेत. कर्करोग हाही शेवटी जनुकांच्या बिघाडाचाच रोग.

घरातल्या गरोदर सुनेला आपण धुरापासून जपतो. दिवसभर चौकात रिक्षा चालवणाऱ्या, गॅरेजमध्ये राबणाऱ्या तिच्या नवऱ्याकडे मात्र कोणी पाहत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण पुरेसे अडवत नाही. नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क अडवतो.

तरीही खरा उपाय धूर मुळात रोखणे हाच. अडीच मायक्रॉनच्या कणांसाठी आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली केवळ ५. हे अंतर सरकारने कमी करावेच. आपणही कचरा, प्लास्टिक, टायर पेटवणे आजपासून बंद करावे आणि नगरपालिकेलाही तसे बजावावे. मुलांसाठी घर-जमीन ठेवायची धडपड आपण करतोच. निरोगी बीज हाही त्यांचा हक्काचा वारसा आहे.