वारी संपते ती राहुटी वाळल्यावर

ज्येष्ठ सरत आला की आपल्या गावोगावच्या देवळांतून वारीची लगबग सुरू होते. टाळांना नव्या दोऱ्या पडतात, वीण्याला तारा चढतात, पताका धुऊन निघतात. राहुटीची आठवण मात्र सर्वांच्या शेवटी होते. वर्षभर ओवरीच्या कोपऱ्यात पडलेले ते गाठोडे प्रस्थानाच्या दिवशी उचलून वाहनात टाकले जाते आणि त्याची खरी अवस्था पहिल्या मुक्कामी, अंधारात, पावसाच्या तोंडावर कळते.

शेगावची श्रीगजाननमहाराजांची पालखी आपल्या धाराशिव जिल्ह्यात तेर, धाराशिव, तुळजापूर अशी मार्गक्रमणा करीत सोलापूरकडे जाते. पैठणची नाथमहाराजांची पालखी परंड्याच्या अंगाने भीमेकडे उतरते. त्यांखेरीज लहानमोठ्या दिंड्या आपापल्या गावांहून निघतात. या साऱ्यांचे रात्रीचे छत्र म्हणजे जाड सुती कापडाची राहुटी. म्हणून आषाढीच्या या पानावर आज कापडावरील बुरशीविषयी लिहावयाचे योजिले आहे. विषय क्षुद्र वाटेल. परंतु त्यापायी एका माउलीची पंढरी चुकलेली आम्ही पाहिली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही ज्या दिंडीत चालत होतो तिची राहुटी पहिल्या मुक्कामी उलगडली, तो कुबट वासाने सर्वांनी नाकाला पदर लावले. कापडावर काळेहिरवे ठिपके पसरले होते. मध्यरात्री पाऊस आला आणि तणाव्यापाशी कापड जुन्या कागदासारखे फाटले. सत्तरी ओलांडलेल्या एका वारकरी बाईंनी आपली वाकळ वीण्यावर घातली व स्वतः रात्रभर भिजत बसल्या. तिसऱ्या दिवशी तापाने त्यांना एस. टी.त बसवून घरी पाठवावे लागले. निघताना त्या म्हणाल्या, “देवानं न्हाई माघारी धाडलं, महाराज, राहुटीनं धाडलं.” हा शब्द आमच्या वर्मी बसला, कारण आदल्या वर्षी गोपाळकाल्याच्या दिवशी ओली राहुटी घाईने बांधावयास सांगणारे आम्हीच होतो. “घरी गेल्यावर पाहू,” असे म्हणालो आणि चातुर्मासाच्या कीर्तनांत ते पाहणे राहून गेले.

अमरकोशात तंबूला ‘दूष्य’ म्हटले आहे. याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘दूषित होण्याजोगे’ असा आहे. दोन अर्थ एका शब्दात कसे आले ते वैयाकरणांनी सांगावे. ज्याने ओली राहुटी उघडली आहे त्याला मात्र ही सोयरीक सहज पटेल. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतातच. सुती कापड हे मुळात वनस्पतीचा तंतू. त्याला ओल, ऊब आणि कोंदट जागा मिळाली की एकदोन दिवसांतच त्यांना अंकुर फुटतो. बुरशी केवळ डाग पाडीत नाही, ती तंतूच खाते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू असेच कुजले. त्या कुजलेल्या कापडावरून वेगळी काढलेली बुरशी शास्त्रज्ञांनी अभ्यासिली आणि पुढे तिला ‘ट्रायकोडर्मा रीसी’ असे नाव पडले. तंतू विरघळविणारी तिची द्रव्ये आज कारखाने वापरतात. सैन्याचे तंबू ज्या शत्रूपुढे टिकले नाहीत, त्याच्या तोंडी आपली वर्गणीची राहुटी आपण दरवर्षी आपण होऊन देतो!

बुरशी लागलीच, तर उपाय आहे. राहुटी मोकळ्या जागी कडक उन्हात पसरावी. पूर्ण वाळल्यावर नाकातोंडास फडके बांधून मऊ ब्रशाने बुरशी झाडावी. दम्याच्या माणसाने या कामापासून दूर राहावे. मग एक भाग पांढरा शिरका आणि चार भाग कोमट पाणी यांचे मिश्रण आधी एका कोपऱ्यावर लावून पाहावे व रंग न बिघडल्यास डागांवर लावावे. अर्ध्या तासाने हलक्या हाताने घासून स्वच्छ पाण्याने धुवावे आणि पुन्हा खडखडीत वाळवावे. डाग राहिला तरी खंत नको. डाग राहतो, बुरशी मरते. ब्लीचिंग पावडरचा मोह मात्र टाळावा. तिने कापड पांढरे दिसते, पण सूत व शिवण कमजोर होते. शिरक्यात ती मिसळल्यास विषारी वायू निघतो, हे तर कधीच विसरू नये. धुण्याने पाणी अडविणारा लेप उतरतो. तो वैशाखाच्या उन्हात पुन्हा द्यावा. हल्लीच्या नायलॉनच्या तंबूंनाही अभय नाही. तेथे बुरशी धाग्यावर नव्हे, तरी मळावर व सांडलेल्या अन्नावर वाढते.

परंतु उपायापेक्षा पथ्य सोपे. तेरचे संतश्रेष्ठ गोरोबाकाका कुंभार होते. ओल पोटात ठेवून भट्टीत गेलेले मडके फुटते, हे प्रत्येक कुंभार जाणतो. काकांनी थापटण्याने संतमंडळींतले कच्चे मडके पारखल्याची कथा आपण कीर्तनात रंगून ऐकतो. तीच पारख राहुटीची करावी. घडी घालण्यापूर्वी शिवणी, कडा आणि तणाव्यांच्या गाठी यांवर हाताची पालथी बाजू ठेवून पाहावी. गार लागले तर राहुटी कच्ची आहे. पावसात ओलीच बांधावी लागली, तर घरी पोहोचताच, दुसऱ्या दिवसाच्या आत, ती सभामंडपात दोरीवर टाकावी. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. येथे पावसाळ्यातही उघडीप मिळते. ते ऊन वाया दवडू नये. ठेवताना प्लॅस्टिकमध्ये न बांधता सुती पिशवीत, जमिनीवर न टेकविता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी उलगडून वारा द्यावा.

राहुटी केवळ वारीचीही नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे निजली असता, भूकंपाने लातूरच्या आणि तेव्हा उस्मानाबाद म्हणविणाऱ्या आपल्या जिल्ह्याच्या गावांवर घाला घातला. हजारो माणसे गेली. उरलेल्यांच्या डोक्यावर आधी आले ते कापड आणि पत्रे. २०२५ च्या सप्टेंबरात, नवरात्राच्या दिवसांत, भूम-परंडा भागात पुराने लोकांना घराबाहेर काढले. संकट पंचांग पाहून येत नाही. देवळाच्या ओवरीत एक धडधाकट राहुटी असणे हा गावाचा आधार आहे.

म्हणून सर्व दिंडीचालकांना आमची विनंती आहे. वीणेकरी नेमतो तसा एक राहुटीचा सेवेकरी नेमावा आणि वारीच्या हिशेबाच्या बैठकीत पहिला प्रश्न विचारावा : राहुटी वाळली काय? काला झाला म्हणजे वारी पूर्ण झाली असे आपण मानतो. आम्ही त्या रात्रीपासून असे मानीत नाही. राहुटी वाळून फळीवर चढते, तेव्हा आमची वारी संपते. त्या माउली पुढल्या वर्षी पुन्हा निघाल्या आणि पंढरीस पोहोचल्या. त्या वर्षी प्रस्थानापूर्वी गाठोडे त्यांनी स्वतःच्या हाताने सोडविले, कापड नाकाशी नेले आणि मगच पायांत वहाणा घातल्या.