गाडी बदलली, पायरी कधी बदलणार?



गळीत हंगाम जवळ आला की आमच्या शेतकी विभागाकडून आपल्याला काय वाचायला मिळते ते ठरलेले असते. ऊस जमिनीलगत तोडून घ्या, पाचट जाळू नका, खोडव्याच्या बुडख्या छाटून घ्या, तोड आली की पाणी लांबवा. ही कामे महत्त्वाचीच आहेत. पण आज मी बियाण्यावर किंवा खतावर लिहिणार नाही. आज लिहायचे आहे ते फडात भरायला उभ्या असलेल्या ट्रकला आणि ट्रॉलीला टेकवलेल्या फळीवर. आपण सगळे ती रोज पाहतो, आणि रोज पाहतो म्हणूनच ती कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या एका कारखान्याच्या गट ऑफिसात कामाला होतो. डिसेंबरचा महिना, पहाटेची वेळ. एका सभासदाच्या फडात ट्रक भरणे चालू होते. रात्रभर दव पडलेले, फळी ओली, तिच्यावर पाचटाचा लगदा. पाथर्डी तालुक्यातला एक तोडणी कामगार डोक्यावर मोळी घेऊन वर चढत होता. वरून तिसरी आडवी पट्टी त्याच्या पायाखाली निसटली आणि तो मोळीसकट खाली आला. मांडीचे हाड मोडले. जीव वाचला, पण त्याचा हंगाम तिथेच संपला. नवरा-बायकोचा एक कोयता, त्याचा अर्धा कोयता झाला. बाईने एकटीने जमेल तेवढे काम ओढले आणि मुकादमाची उचल फिटली नाही ती नाहीच. पुढच्या वर्षी ती दोघं पुन्हा त्याच उचलीच्या ओझ्याखाली आली. तो लंगडत होता.

आता खरे सांगायचे ते सांगतो. ती पट्टी हलते आहे हे मी आदल्या दिवशी पाहिले होते. एक खिळा निघालेला होता. मी गडबडीत होतो, कारखान्यावरून उसाचा तगादा चालू होता, दुसऱ्या फडातली गाडी अडकली होती. मनात म्हटले, मुकादम बघेल. मुकादम म्हणाला असेल, ड्रायव्हर बघेल. ड्रायव्हर म्हणाला असेल, आपले काम गाडी चालवायचे. आणि ज्याच्या बांधावर गाडी उभी होती तो सभासद म्हणाला असेल, माझा ऊस एकदा वजनकाट्यावर गेला म्हणजे झाले. असे चार जण होतो, आणि फळी कोणाचीच नव्हती.

ही गोष्ट कोणाला दोष द्यायला सांगत नाही. द्यायचाच तर पहिला दोष माझा. पण त्या दिवसापासून मी फडात गेलो की आधी फळीकडे बघतो. जे दिसते त्यावरून हे लिहितो आहे.

आपल्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखानदारी सुरू झाली ती प्रवरानगरला, १९५०-५१ च्या हंगामात. त्या काळी ऊस बैलगाडीतून कारखान्यावर जाई. गाडीची उंची ती किती! माणूस जमिनीवर उभा राहून मोळी देई आणि वरचा घेई. पुढे टायरच्या गाड्या आल्या, ट्रक आले, मग ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या आल्या. वाहनाची उंची वाढली, भरताना उसाचा थर फाळक्याच्याही वर जाऊ लागला. शेवटच्या मोळ्या टाकायच्या तर जमिनीपासून दहा-दहा फूट वर चढावे लागते. इंजिन बदलले, टायर बदलले, ब्रेक बदलले. वर चढायचे साधन मात्र तेच राहिले. एक जाड फळी, तिला ठोकलेल्या आडव्या पट्ट्या. नाहीतर कुठूनतरी जोडून आणलेली लोखंडी शिडी, एक पायरी वाकलेली, दुसरीला सुतळी बांधलेली.

१ जून १९४८ रोजी पहिली एस. टी. पुण्याहून आपल्या नगरला आली हे आपण अभिमानाने सांगतो. जुन्या एस. टी. गाड्यांना मागच्या बाजूला टपावर जाण्यासाठी लोखंडी शिडी असे. ती गाडीच्याच सांगाड्याला घट्ट बसवलेली असे. चढणारा दोन्ही हातांनी धरून वर जाई, आणि सामान बहुधा खालून वर दिले जाई. म्हणजे प्रवाशाची वळकटी टपावर चढवायला गाडीची स्वतःची शिडी होती. आपला टनावारी ऊस चढवायला आपण गाडीला धड पायरी देत नाही, हे मनाला पटते का?

शिडी चढायचा एक साधा नियम आहे. दोन हात आणि दोन पाय, या चारांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत. एक पाय निसटला तर हात सांभाळून घेतात. आमच्या तोडणी कामगाराचे काय? डोक्यावर मोळी, तिला धरलेला एक हात, कधी दोन्ही. मान वळवता येत नाही, खाली पायरी दिसत नाही. त्याचा सगळा भरवसा पायाच्या तळव्यावर आणि पायरीवर. एका वेळी एकच पाय टेकलेला आणि त्याच्यावर स्वतःचे वजन अधिक मोळीचे वजन. ६० किलोचा गडी आणि ४० किलोची मोळी धरली तर एक क्विंटल भार एका पट्टीवर येतो. म्हणून बोलायचे तर असे बोलावे की, त्याचे हात मोकळे नाहीत, तेव्हा हातांचे काम पायरीने केले पाहिजे.

आता थोडा हिशेब करू. ४० किलोची एक मोळी, म्हणजे एका टनाला २५ मोळ्या. दोन ट्रॉल्यांत मिळून १६ टन ऊस भरला तर ४०० मोळ्या. म्हणजे ४०० वेळा कोणीतरी त्या फळीवर चढले आणि ४०० वेळा उतरले. रोज ५,००० टन गाळणारा कारखाना धरा आणि त्यातला निम्माच ऊस डोकी सेंटरचा धरा, बाकी बैलगाडीने आणि हार्वेस्टरने येतो असे समजा. तरी दिवसाला ६२,५०० चढ होतात. १२० दिवसांचा हंगाम धरला तर ७५ लाख. यातला प्रत्येक चढ ओझ्यासकट आहे, आणि त्यातले किती तरी रात्री, ट्रॅक्टरच्या एका दिव्यावर. माणूस ७५ लाख वेळा चुकणार नाही असे कोण म्हणेल? म्हणून निदान पायरीने तरी चुकू नये.

माझ्या पाहण्यात बिघाड होतो तो चार ठिकाणी. पहिला, खिळे. लाकूड उन्हाने आणि दवाने हलते, खिळा सैल होतो, पट्टी फिरते. दुसरा, बूड. पाटाचे पाणी नुकतेच बंद झालेल्या सरीत फळीचा पाय रुततो, आणि एका बाजूला जास्त रुतला की फळी तिरपी होते. तिसरा, वरचे टोक. सुरुवातीला फळी फाळक्याला टेकलेली असते, पण उसाचा थर वर आला की ती उसाच्या टोकांवरच टेकते. ऊस म्हणजे गोल, वरून मेण धरलेला, सरकणारा माल. त्याच्यावर टेकलेली फळी बांधलेली नसेल तर ती टेकलेली म्हणताच येत नाही. चौथा, चढ. जागा कमी म्हणून फळी उभी लावतात, आणि माणूस मागे ओढला जातो.

मग करायचे काय? फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात होण्यासारखे काम आहे. लोखंडी अँगलची शिडी करावी. पायऱ्या गोल सळईच्या नकोत, चांगल्या चार बोटे रुंद पट्टीच्या, खडबडीत पत्र्याच्या असाव्यात. दोन पायऱ्यांतले अंतर खालपासून वरपर्यंत सारखे असावे, कारण पाय अंदाजाने पडतो. वर दोन आकडे असावेत, ते फाळक्यात अडकावेत, आणि थर वर गेला की साखळीने किंवा दोराने बांधता यावे. खाली रुंद पत्र्याचे पाय असावेत, म्हणजे सरीत रुतणार नाहीत. एका बाजूला हाताला धरायला पाइप असावा. मोकळ्या हाताने चढायचे असेल तर चार फूट उंचीला एक फूट लांब बूड ठेवतात. डोक्यावर ओझे असताना माझ्या मते याहून उताराची शिडी हवी. दहा फूट चढायचे तर बूड पाच फूट तरी लांब घ्यावे. त्यासाठी शिडी थोडी लांब करावी लागेल, एवढेच.

याचा खर्च ट्रकच्या एका नव्या टायरच्या किमतीपेक्षा कमीच येईल. टायर घेताना आपण घासाघीस करतो, पण घेतल्याशिवाय राहत नाही, कारण टायरशिवाय गाडी चालत नाही. शिडीशिवायही गाडी भरत नाही, हे फक्त आपल्या हिशेबात आलेले नाही.

काही जण म्हणतील, आता हार्वेस्टर आले, डोक्यावरची भरणी किती दिवस राहणार? हार्वेस्टर येत आहेत हे खरे. पण आपल्याकडची एक-दीड एकराची शेते, मध्ये बांध, पाटाच्या चाऱ्या, चिंचोळ्या सऱ्या, तिथे यंत्र वळायला जागा नाही. अजून किती तरी हंगाम आपला ऊस माणसाच्या डोक्यावरूनच गाडीत चढणार आहे. तोवर काय त्याने पडत राहायचे?

दुसरे म्हणतील, कामगारांनाच पाइप नको असतो, मोळी अडकते म्हणून ते काढून टाकतात. हेही मी पाहिले आहे. पण मग पाइप कोणत्या बाजूला आणि किती उंच हवा हे आपण त्यांना कधी विचारले का? जो रोज चढतो त्याच्याकडून एकदा शिडी पसंत करून घ्यावी. तो आपल्यापेक्षा चांगले सांगेल.

तिसरे म्हणतील, हे काम मुकादमाचे आणि वाहतूकदाराचे, सभासदाचा काय संबंध? संबंध आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे आपल्याच जिल्ह्यातले तालुके. बीडकडून येणारी माणसेही आपल्याच दारात कोप्या घालून राहतात. घरी म्हातारी माणसे ठेवून, लेकरं बरोबर घेऊन येतात, आणि दिवाळीनंतर चार-पाच महिने आपल्या शिवारात राहतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती योग्यच झाली. त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळही आहे. पण दरवाढ पडलेल्या माणसाला उभे करत नाही, आणि मदत येते ती हाड मोडल्यावर. फळीची पट्टी त्याआधी ठोकायची असते.

व्यवहाराने बोलायचे तर आपलेही नुकसान आहेच. फडात माणूस पडला की टोळीचे काम थांबते, गाडी अर्धी भरून उभी राहते, तोडलेला ऊस उन्हात वाळतो. वजन घटते, उतारा घटतो. पण हा हिशेब मी दुसरा ठेवतो. पहिला हिशेब माणसाचा.

रस्त्यावर अपघात होऊ नयेत म्हणून ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावावेत असा आग्रह आपण धरतो, आणि तो चांगला आहे. तसाच आग्रह शिडीचा धरावा, असे माझे मत आहे. वाहतुकीचा करार करताना गाडीबरोबर शिडीही दाखवावी, ती तपासावी, आणि तिच्यावर गाडीचा नंबर रंगवावा, म्हणजे ती कोणाची हा प्रश्न राहणार नाही. आठवड्यातून एकदा स्लिपबॉयने तिच्या पायऱ्या आणि वेल्डिंग पाहून वहीत नोंद करावी. आम्ही शेतकी विभागाच्या लोकांनी फडात गेल्यावर उसाआधी शिडी बघावी. रात्री भरणी असेल तर शिडीवर उजेड पडेल असा दिवा हवा. आणि पोटुशी बाई असेल तर तिला शिडीवर चढवू नये. हे सांगायला नियम लागू नये, पण लागत असेल तर करावा.

सभासदांना माझे मागणे छोटे आहे. आपल्या फडात गाडी आली की चहा द्यायला आपण जातोच. तेव्हा एकदा फळीवर स्वतः, रिकाम्या हाताने का होईना, दोन पायऱ्या चढून पाहा. पाय डगमगला तर ड्रायव्हरला सांगा, ही नीट करा, मग भरा. अर्धा तास जाईल. हातोडी आणि चार खिळे कोणत्याही वस्तीवर सापडतात. बूड रुतत असेल तर खाली एक फळकूट टाका. आणि येत्या सर्वसाधारण सभेत भावाबरोबर आणि उताऱ्याबरोबर शिडीचाही विषय कोणी काढला, तर मला आनंद होईल.

मी त्या पहाटे एक सैल खिळा पाहून पुढे गेलो होतो. आपण कोणी पुढे जाऊ नये म्हणून हे लिहिले. चूकभूल द्यावी घ्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी