सवड कोणाची?

पन्नाशी उलटलेल्या माणसानें लेखणी हातीं धरली कीं आपल्या सुशिक्षित समाजांत दोन प्रकारचे हितचिंतक पुढें येतात. पहिला म्हणतो, "या वयांत हें काय आरंभिलें?" दुसरा अधिक सौम्य असतो. तो म्हणतो, "मुलांचीं शिक्षणें होऊं द्या, नोकरी संपूं द्या, मग लिहावयाचेंच आहे." पहिल्याकडे दुर्लक्ष करणें सोपें आहे. आमचा वाद आहे तो दुसऱ्याशीं. कारण त्याचा उपदेश शहाणपणाचा दिसतो, आणि म्हणूनच अधिक घातक ठरतो.

संसार आटोपल्यावर लेखन, हा हिशेबच मुळीं चुकीचा आहे. श्री. ना. पेंडसे यांनीं मुंबईच्या बेस्टमध्यें नोकरी करीत कोंकणावरील कादंबऱ्या लिहिल्या. इरावती कर्वे यांनीं डेक्कन कॉलेजांतील संशोधन, अध्यापन आणि तीन मुलांचा संसार सांभाळून ललितलेख लिहिले. 'युगान्त' १९६७ सालीं प्रसिद्ध झालें तेव्हां त्यांनीं साठी ओलांडली होती. प्रौढ वयांत मनाला जी ओढाताण सोसावी लागते, तीच लेखनाचें भांडवल असते. पेन्शनीबरोबर सवड येईल. ती ओढाताण येईलच असें नाहीं.

"पण घराकडे दुर्लक्ष होतें त्याचें काय?" हा आक्षेप मात्र खरा आहे. लेखनाचा तास आकाशांतून पडत नाहीं. तो कोणाच्या तरी दिवसांतून काढून घेतलेला असतो.

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. गेलीं बारा वर्षें, महाविद्यालयांत जाण्यापूर्वीं, पहांटे पांच ते सात आम्ही दार लोटून लिहीत आलों. चहा आंत येई. दूध, पाणी, शाळेचे डबे सारें बाहेरच्या बाहेर उरके. हा वेळ आम्हीं स्वतः कमावला, असेंच आम्हांस वाटे. मध्यंतरीं फडताळांतील वाणसामानाच्या जुन्या वहींत, मागल्या पानांवर, पत्नीचें हस्ताक्षर दिसलें. त्या बेरजा नव्हत्या. माहेरच्या विहिरीचें वर्णन होतें, वाक्याच्या मध्यावर तुटलेलें. पुढें कां लिहिलें नाहीं, असें आम्हीं विचारलें. "तेव्हां धाकट्याची बस आली असेल," एवढेंच ती म्हणाली.

रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या, न्यायमूर्तींच्या निधनानंतर नऊ वर्षांनीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपानें येऊं लागलीं, तेव्हां रेव्हरंड टिळकांस जाऊन पंधरा वर्षें झालीं होतीं. या दोन्ही पतींनीं आपल्या पत्नींस शिकविलें, हें खरें. तरीही मराठींतील या दोन थोर आत्मकथा वैधव्यांत लिहिल्या जाव्या, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यास आमचें मन तयार नाहीं.

तेव्हां प्रौढपणीं लिहावें, नोकरी आणि संसार चालू असतांनाच लिहावें, हें आमचें मत कायम आहे. मात्र तो तास दोघांस मिळाला पाहिजे. पहांटेचें दार आठवड्यांतून तीन दिवस तिनें लोटावें आणि डबे आपण भरावे. एवढें ज्यास जमत नाहीं, त्यानें पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेंत पत्नीचें नांव छापून आपण ऋणमुक्त झालों असें समाधान मानूं नये.