आसट भात आणि 'ग्लुटिनस'

'ग्लुटिनस' हा इंग्रजी शब्द मी पुस्तकातून नव्हे, ताटातून शिकले. एम. ए.ला असताना वसतिगृहात माझ्या खोलीत आसामची मुलगी होती. माघ बिहूला घरी गेली की येताना ती बोरा चाउल घेऊन यायची. तो शिजला की दाण्याला दाणा धरून बसायचा, बोटं धुतली तरी चिकटपणा जायचा नाही. "हा ग्लुटिनस राइस," तिने सांगितलं. मी कोश उघडला. लॅटिनमध्ये 'ग्लूटेन' म्हणजे सुतार वापरतो तसला सरस. इंग्रजी 'ग्लू' त्याच घराण्यातला. गव्हातल्या ग्लूटेनशी या तांदळाचा संबंध नाही, कारण तांदळात ते नसतंच. बोरा चिकटतो तो त्यातल्या स्टार्चमुळे. त्यात अमायलोज जवळजवळ नसतं, बहुतेक सारं अमायलोपेक्टिन असतं. म्हणजे 'ग्लुटिनस' हा दाण्याचा स्वभाव. पाणी कितीही बेताने घाला, तो भात मोकळा व्हायचा नाही.

शब्द आवडला, वहीत उतरवून ठेवला. वीस वर्षांनी त्यानेच माझ्या एका भाषांतराचा घात केला.

कथा मराठी होती. दोन जावा, त्यांच्यात वर्षानुवर्षांचा अबोला. धाकटी तापाने अंथरुणाला खिळते. थोरली एक शब्द न बोलता तिच्या उशाशी ताटली ठेवून निघून जाते. ताटलीत आसट भात, वर तूप, कडेला मीठ. कथेतला समेट तो एवढाच. थोरलीने भातात नेहमीपेक्षा जास्त पाणी घातलं, तो जास्त वेळ चुलीवर ठेवला, आणि हे फक्त एका माणसासाठी केलं, हे सगळं लेखिकेने 'आसट' या एका शब्दावर सोडलेलं.

मी इंग्रजीत 'सॉफ्ट' लिहिलं होतं. संपादकांना ते फिकं वाटलं. त्यांनी 'ग्लुटिनस' सुचवलं आणि मी मान डोलावली. खरं सांगायचं तर सुखावलेच. शब्द भारदस्त होता आणि मला येत होता.

पुस्तक छापून आलं, तसं मी ते त्या जुन्या मैत्रिणीला पाठवलं. आठवड्याने तिचा फोन आला. "कथा चांगली आहे गं, पण तापातल्या बाईला बोरा चाउल कोण देतं? पोटाला किती जड! ती थोरली तिच्यावर सूड उगवतेय का?"

मी भात कसा असतो ते समजावून सांगितलं. ती हसायला लागली. "अगं, मग हा तर आमचा जाउ! आजाऱ्याला तोच देतात." मराठीतल्या जावेने रांधलेला भात असमियात जाउच होता. दोन्ही घरांत तीच ताटली होती, तोच अर्थ होता. मधे इंग्रजी आली आणि मायेचा सूड झाला.

कोणी म्हणेल, एका शब्दाचं एवढं काय घेऊन बसलात, संदर्भावरून कळतंच की. नाही कळत. इथे तो शब्दच संदर्भ होता. मराठीत भात फडफडीत असतो, मोकळा असतो, मऊ असतो, आसट असतो, गुरगुट्या असतो, आणि लक्ष नसलं की त्याचा गिच्च गोळा होतो. ही सारी पाण्याची आणि वेळेची गणितं आहेत. एकाच तांदळातून सगळी निघतात. मावळातल्या इंद्रायणीसारखा दाणाच तसा असेल तर आपण सरळ 'चिकट' म्हणतो. दाण्याचा गुण आणि रांधणाऱ्या हाताचा गुण मराठीने वेगळे ठेवले आहेत. 'ग्लुटिनस' लिहून मी हात पुसून टाकला, दाणा तेवढा ठेवला.

यावर 'इंग्रजीत शब्दच नाहीत' अशी फुशारकी मारणाऱ्यांचंही मला पटत नाही. टाळूला चिकटणाऱ्या कच्चट केकला इंग्लंडच्या स्वयंपाकघरात 'क्लॅगी' म्हणतात. किती भाषांतरकारांना तो ठाऊक आहे? आपण इंग्रजी शिकलो ती स्पर्धापरीक्षांच्या शब्दयाद्यांमधून. तिथे लॅटिन वळणाचे जड शब्द मिळतात, चुलीजवळचे मिळत नाहीत. आणि मग जड शब्द आला की भाषांतर वजनदार झालं असं आपल्याला वाटतं. हा न्यूनगंड आहे, त्याला शैली म्हणू नये.

दुसरा आक्षेप नेहमीचा: मूळ शब्द ठेवला तर वाचक अडखळतो. इटालियन 'अल देन्ते'ला तो अडखळला नाही, जपानी 'उमामी'ला अडखळला नाही. मग 'आसट'शीच का अडखळेल? की अडखळण्याचा मान मिळण्यासाठी आधी श्रीमंत देशातलं असावं लागतं?

हे मी बहुभाषिक नियतकालिकात मुद्दाम लिहिते आहे. मराठीतलं असमियात, असमियातलं कन्नडमध्ये जातं ते बहुतेक वेळा इंग्रजीच्या पुलावरून. पूल हवाच. पण पुलावर जे सांडतं ते पलीकडच्याला दिसत नाही. जे हातात येतं तेच मूळ आहे असं तो धरून चालतो. म्हणून इंग्रजी मसुदा छापायला देण्याआधी तो एकदा तरी दुसऱ्या भारतीय भाषेच्या माणसाने वाचावा आणि त्याला काय दिसलं ते भाषांतरकाराने विचारावं. मी ते विचारलं नाही. मैत्रीण एका फोनच्या अंतरावर होती.

पुढची आवृत्ती निघाली तर तिथे 'आसट' असेल, रोमन लिपीत, तिरपा टाइप न वापरता. शेजारी तूप आहे, मीठ आहे, ताप आहे, अबोला आहे. वाचकाला तेवढं पुरे.